मुनीरचाचांनी दिलेला शब्द

चाचा, आपलं भांडण अर्धवट राहिलंय. वर्षभर पुरलेलं भांडण होतं ते. मी दुकानात आले की पहिल्या चहाला सुरू व्हायचं, आणि दुसरा चहा संपला की तुम्ही म्हणायचात, "बाकीचं फुडच्या रविवारी." आता तुम्हाला जाऊन महिना होत आला आणि माझे चार रविवार नुसते पडून आहेत.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण गोड बोलणारी माणसं तुम्हाला कधी चालली नाहीत. एखादं गिऱ्हाईक फार गोड बोलायला लागलं की तुम्ही चाकाआडून माझ्याकडे बघून पुटपुटायचात, "ह्यानं सोताच उघडून बिघडवलीय." आणि ते खरं निघायचं. तेव्हा मी गोड बोलणार नाही. मला एक गोष्ट कबूल करायची आहे आणि त्यानंतर एक तक्रार करायची आहे. तक्रार मला रविवारी सकाळी सापडली, मुळशीच्या तलावाकाठच्या रस्त्यावर, भर वाऱ्यात उभी असताना. तिच्याकडे येतेच.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती हवा भरायला. पिरंगुटच्या बाजारात बसस्टॉपमागचं तुमचं पत्र्याचं दुकान, आणि दाराशी साखळीनं बांधलेला पायपंप. हवा भरून झाल्यावर मी किती द्यायचे म्हणून विचारलं, तर तुम्ही मानही वर केली नाहीत. "हवा वरच्याची हाय. पंप माझा हाय, तेवढा ठिवून जा." मला राग आला होता. मी काय पंप चोरायला आले होते? पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, हवा नको असताना.

कारखान्यात माझं काम तपासणीचं. यंत्रावरून आलेला भाग मापात बसला तर हिरवा टॅग, नाही बसला तर लाल. अधलंमधलं काही नसतं. तुमच्या दुकानात सगळंच अधलंमधलं. एका सायकलीचं हँडल दुसरीला, तिचं चाक तिसरीला, आणि तरी सगळ्या रस्त्यावर धावत होत्या. मी एकदा माप घेऊन तुमच्या स्वतःच्या सायकलीचं पुढचं चाक तपासलं आणि दोन मिलिमीटर आउट आहे म्हणून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तिलाबी ठावं हाय. आमचं दोघांचं जमलंय."

तीन जणांच्या टीमची ट्रायथलॉन असते हे मीच तुम्हाला सांगितलं. एकानं तलावात पोहायचं, दुसऱ्यानं तलावाकाठच्या रस्त्यानं चाळीस किलोमीटर सायकल मारायची, तिसऱ्यानं दहा किलोमीटर धावायचं. घोट्याला बांधायचा एक पट्टा असतो, तो एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचा. धावायला मी होतेच. सायकलीला तुम्ही. सकाळच्या नमाजानंतर पौडपर्यंत जाऊन यायचं हा तुमचा नेम माझ्या वयाइतका जुना असेल. पोहायला तुम्ही सोपानदादांना धरून आणलंत. मुळशीच्या काठावर मासेमारीत जन्म गेलेला माणूस. फॉर्म भरताना मी टीमचं नाव काय लिहू म्हणून विचारलं. तुमचे हात ग्रीसमध्ये होते. तुम्ही म्हणालात, "चालंल तसं." मी रागानं तेच लिहिलं. तेव्हापासून आपण 'टीम चालंल तसं'. शर्यतीत माइकवर नावं पुकारणारी ती मुलगी हे नाव किती जपून उच्चारते, माहीत आहे ना? जसं काही संस्कृतच आहे.

मला ती शर्यत का हवी होती, हे तुम्हाला मी एकदाच सांगितलं होतं, आणि तुम्ही त्यावर कधी थट्टा केली नाहीत. शाळेत मी चांगली पळायचे. पण शाळेच्या स्पर्धा हिवाळ्यात आणि हिवाळ्यात भाताची झोडणी. आई मजुरीला असायची. तिनं मला पळताना कधी बघितलंच नाही, नुसते बक्षिसाचे स्टीलचे डबे बघितले. आमच्या घरात अजून तिखट शंभर मीटरमध्ये असतं आणि हळद दोनशे मीटरमध्ये. आता आई थकली आहे. गुडघे गेलेत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. तिला एकदा दिसायला हवं होतं, एवढंच.

मागच्या वर्षी ती आली. एस.टी.नं, डब्यात भाकरी आणि सुकट घेऊन. त्या दिवशी ताम्हिणीकडून असा वारा सुटला होता की मंडपाची एक बाजू उठून बसली. तलावावर लाटा. स्विमिंग पूलमध्ये शिकलेले भले भले काठावर उभे राहून पाण्याकडे बघत होते. सोपानदादा मात्र नारिंगी टोपी घालून, डोकं वर ठेवून, शेजारच्या वाडीला निघाल्यासारखे निघाले. "ही काय लाट हाय? पावसात या म्हनावं." सगळ्या टीमच्या पोहणाऱ्यांत तिसरे बाहेर आले. पट्टा तुमच्या घोट्याला बांधला. (ती टोपी त्यांनी पुढे आठवडाभर बाजारात घातली, तो भाग वेगळा.) आणि तुम्ही निघालात, पोलादी सायकलीवर, मागच्या कॅरियरला ती रेक्झिनची हत्यारांची पिशवी बांधून. पिशवी काढा म्हणून मी आदल्या दिवशी जीव तोडून सांगितलं होतं. उगीच दोन किलो वजन. तुम्ही म्हणालात, "पिशवी काडली तर मी कोन?"

साडेदहाच्या आत सायकल आली तरच धावणाऱ्याला सोडायचं, असा नियम. दहाला तुम्ही यायला हवे होतात. सव्वादहा झाले. आई दोरीला धरून उभी, डोळ्यांवर हात धरून. दहा पंचवीस. दहा तीस. दोरी खाली आली, वाट बंद. दहा सदतीसला तुम्ही आलात, हात कोपरापर्यंत काळे, आणि तोंडावर हसू. माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उशिराचं कारण, हिंजवडीकडचा एक मुलगा. कार्बनची सायकल, कापसासारखी हलकी. वाऱ्यानं कडेच्या खडीवर ढकलला आणि ट्यूब फुटली. तिचा व्हॉल्व्ह काडीसारखा बारीक, तसली ट्यूब तुमच्याकडे नव्हती. म्हणून तुम्ही ठिगळ लावायला बसलात. सोल्युशनवर धूळ बसली, पहिलं ठिगळ वाऱ्यानं उडून गेलं, दुसरं सुटलं, तिसरं बसलं. बावीस मिनिटं. तो मुलगा आधी अंकल, अंकल करत होता आणि शेवटी चाचा म्हणायला लागला, हे तुम्ही मला कौतुकानं सांगत होतात. मी म्हणाले, "चाचा, तुम्ही माझी शर्यत दुसऱ्याच्या ट्यूबमध्ये भरून आलात."

"एकटा व्हता गं वाऱ्यात," तुम्ही म्हणालात.

"मागून मदतीची गाडी येत होती."

"यायची व्हती. आली नव्हती."

आणि आई. तिनं डबा उघडला, तुमच्या काळ्या हातावर भाकरी ठेवली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढं हुबं ऱ्हायाला मला इतक्या लांब आनलंस व्हय?" सोपानदादा टोपीसकट हसले. तुम्ही हसलात. मला नाही हसू आलं. मी आठ दिवस दुकानात आले नाही. सायकलीत हवा नव्हती तरी चालत कामाला गेले. तुमच्या पंपाला हात लावायचा नव्हता मला.

मग वर्षभर भांडण. मी नियमावलीची प्रत काढून आणली. तुम्ही ती ट्यूबवरचं सोल्युशन वाळेपर्यंत ट्यूबखाली अंथरलीत. मी म्हणायचे, शर्यत म्हणजे शर्यत, ज्याची सायकल त्यानं बघायची. तुम्ही म्हणायचात, तुमच्या उस्तादांनी हातात पाना दिला त्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती: "वाटंत कुनी सायकल धरून हुबा असंल तर त्याला वलांडून जायाचं न्हाई." मी म्हणायचे, उस्तादांनी ट्रायथलॉन केली होती का? तुम्ही म्हणायचात, "उस्ताद बैलगाडीतबी नीट बसत न्हवता." असं भांडण, चाचा. मी खऱ्या रागानं यायचे आणि पोट धरून परत जायचे, आणि घरी पोचल्यावर आठवायचं की मुद्दा तिथंच राहिला.

आता कबुली. तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या रविवारी मी ठरवूनच आले होते. आईच्या डोळ्यांचं वाढत चाललंय, या वर्षी तिला परत नेणार आहे, तेव्हा शब्द द्या की थांबणार नाही. तुम्ही चाकाचा आउट काढत होतात. चाक थांबवलंत.

"शब्दच पायजे?"

"शब्दच."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग बाहेर रस्त्याकडे. "थांबत न्हाई, जा. दिला शब्द."

मी इतकी खूष झाले की पर्समधून कारखान्याचा हिरवा टॅग काढला, त्यावर 'तपासले' लिहून सही केली, तारीख टाकली आणि तुमच्या सायकलीच्या हँडलला बांधला. तुम्ही हसलात. पण पिरंगुटच्या चौकापर्यंत चालत येते न येते तोवर माझी खुशी उतरली. मला तुमचा तो रस्त्याकडे बघतानाचा चेहरा दिसायला लागला. वाटलं, मी हे काय केलं? एक चांगला भाग होता, मी तो कानशीनं घासून माझ्या मापात बसवला. पुढच्या रविवारी जायचं आणि सांगायचं, चाचा, शब्द परत घ्या, थांबायचं तर थांबा, असं मी सोमवारी ठरवलं. मंगळवारीही ठरवलं. गुरुवारी दुपारी शेजारच्या टपरीवरून तुमचा चहा आला आणि तुम्ही तो घेतला नाहीत.

त्यानंतर लोकांनी तुमच्याबद्दल किती चांगलं सांगितलं. मी एका कोपऱ्यात उभी होते आणि मला एवढंच दिसत होतं की ह्या माणसानं आयुष्यातला शेवटचा शब्द, न थांबण्याचा, मला दिला, आणि तो मी मागून घेतला. हे मी कुणालाच बोलले नाही. सोपानदादांनाही नाही.

शर्यतीतून नाव काढायचं मी ठरवलं होतं. सोपानदादा म्हणाले, "नाव काडून काय हुतंय? लाट काय त्येच्यासाटी थांबती का?" नियमात बघितलं तर एकाच माणसाला दोन टप्पे करता येतात. सायकल मी मारायची आणि धावायचंही मी. मग चाचीकडे गेले. चाची इद्दतीत, नवऱ्यामागं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही. आतल्या खोलीतून म्हणाली, "ने की. त्यांनी तयार करून ठेवलीवती. जशी व्हती तशीच हाय." सीट माझ्यासाठी चार बोटं खाली घ्यावी लागली. घेण्याआधी तुमच्या उंचीची खूण मी कानशीनं नळीवर करून ठेवली, का ते मलाही सांगता येणार नाही. हँडलवरचा हिरवा टॅग दिसला नाही. गळून पडला असेल म्हटलं, बरंच झालं. आणि ती रेक्झिनची पिशवी कॅरियरला तशीच होती. दोन किलो. काढायचा धीर झाला नाही, उघडायचाही झाला नाही.

रविवारी वारा मागच्या वर्षीपेक्षा जास्त. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, वरच्यानं आज पंपाचं टोपणच काढून ठेवलंय. सोपानदादांनी पाण्यातून येऊन पट्टा माझ्या घोट्याला बांधला आणि म्हणाले, "वाऱ्याशी भांडू नगंस. तो काय मुनीर न्हाई."

जाताना वारा छातीवर. ताम्हिणीच्या बाजूनं असा येत होता की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं. खिंडीसारखी जागा आली की बाजूनं झपाटा बसायचा आणि सायकल हातभर सरकायची. पण एक सांगते, तुमची ती पोलादी म्हातारी सरकली तरी पडली नाही. हलक्या सायकलींवरचे लोक पतंगासारखे फडफडत होते. दोन किलोची पिशवी मागे बसून तिला जमिनीला धरत होती. हे मी तुमच्या हयातीत कधीच कबूल केलं नसतं.

मला वाऱ्यापेक्षा दुसरीच भीती होती. कुणी थांबलेलं दिसू नये. चढावर एक जण सायकल टेकवून उभा दिसला आणि मी पायडल मारायची थांबले. जवळ गेले तर तो केळं खात होता. केळं खाणाऱ्या माणसाचा मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

वळसा घालून परत फिरले आणि वारा पाठीवर आला. आता मजा. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती, सात-आठ किलोमीटर राहिले होते, या वाऱ्यात सतरा मिनिटं फार झाली. म्हणजे हाताशी आठ मिनिटं. मी आईला दोरीपाशी मनात बघायलाही लागले होते. आणि वळणावर एक मुलगी उभी. सायकल उलटी केलेली, मागचं चाक चपटं, केस वाऱ्यानं तोंडावर. तिनं हात केला नाही. नुसतं बघितलं.

मी पुढे गेले, चाचा. खरं सांगते. मदतीची गाडी येईल, असं म्हणाले, मोठ्यानं. वारा इतका पाठीत होता की दोनशे-अडीचशे पावलं तर पायडल न मारताच गेले. मग मला तुमचा आवाज बिवाज काही ऐकू आला नाही. मला फक्त इतकं वाटलं की तुम्हाला मी शब्दात बांधलं, मला कुणी बांधलंय? मी ब्रेक दाबला. परत येताना तीच दोनशे पावलं वाऱ्याच्या तोंडात, सायकल हातात धरून, जवळजवळ ओढत.

"मॅम, तुम्ही जा," ती म्हणाली. "तुमचा टाइम जाईल. माझी एक स्पेअर होती, ती सकाळीच गेली. आय ॲम ओके."

ओके बिलकुल नव्हती. मी चाकाकडे बघितलं. काडीसारखा बारीक व्हॉल्व्ह. म्हणजे ठिगळ. म्हणजे बावीस मिनिटं, तीही तुमच्या हातांची. माझे हात घेतले तर अर्धा तास. संपलं, म्हटलं. आई, या वर्षीपण उभीच बघ मला. आणि ठिगळ काढायला मी पहिल्यांदा तुमची पिशवी उघडली.

वर पाने आणि छोटा हातपंप. खाली घासकागदाची पट्टी, सोल्युशन. त्याखाली, फडक्यात गुंडाळलेल्या, दोन कोऱ्या ट्यूब. बारीक व्हॉल्व्हच्या. तुमच्या सायकलीला जन्मात बसणार नाहीत अशा. "असली नाजूक नळी माज्या दुकानात न्हाई" म्हणून तुम्ही ज्यांची वर्षभर टिंगल केलीत, त्याच. सोबत तुमचा पंप बारीक व्हॉल्व्हला लावायचं पितळी टोपण. आणि दोन्ही ट्यूब एकत्र बांधल्या होत्या माझ्या हिरव्या टॅगनं. 'तपासले.' माझी सही. त्या रविवारची तारीख.

म्हणजे मी शब्द घेऊन चौकापर्यंतही पोचले नसेन, आणि तुम्ही हँडलवरचा टॅग सोडून ह्या ट्यूबना बांधलात.

मी हसायला लागले, चाचा. रस्त्याच्या कडेला, वाऱ्यात, गुडघ्यांवर बसून. ती मुलगी घाबरली. "मॅम, तुम्ही ठीक आहात ना?" मी तिला म्हटलं, "एक माणूस महिनाभरापूर्वी वारला, तो आत्ता माझ्याशी खोटं बोलताना सापडला." तिला काय कळणार? पण ती चाक धरून बसली. टायर उतरवताना मी हाताला लागेल ते वापरते म्हणून तुम्ही ओरडायचात, तर या वेळी टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्याच वापरल्या, दोन, तुम्ही दाखवल्या तशा. जुनी ट्यूब काढली. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधला, बाभळीचा, तो काढला. नवी घातली. टोपण लावलं, पंप मारला. तिच्या घड्याळात सहा मिनिटं झाली होती. तिनं विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, "हवा वरच्याची. ट्यूब चाचांची. जा आता."

शेवटचे सात किलोमीटर कसे गेले ते माझ्यापेक्षा वाऱ्याला जास्त माहीत. मी दोरीपाशी आले तेव्हा दहा एकोणतीस. घड्याळ धरून उभा असलेला माणूस माझ्या हातांकडे बघत होता, कोपरापर्यंत काळे. दोरी अजून वरच होती, त्यानं मला आत सोडलं. आई तिथंच होती, डबा काखेत.

"आता तरी पळ," ती म्हणाली.

पळाले. दहा किलोमीटर, अर्धे वाऱ्याच्या तोंडात. टॅग मी मुठीत धरला होता. चार फेऱ्या होत्या आणि प्रत्येक फेरीत आई दोरीपाशी दिसायची, पहिल्या फेरीला उभी, दुसरीला खुर्चीवर, तिसरीला डबा उघडून सोपानदादांबरोबर जेवत. चौथ्या फेरीला ती पुन्हा उभी राहिली होती. मी आल्यावर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "शाळंत आशीच पळायचीस?"

"नाही गं. तेव्हा खूप जोरात पळायचे."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "मंग लई बघायचं ऱ्हायलं माजं," म्हणाली. आणि मग, माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून, "हात धू आदी. मुनीरचेच हात लावून आलीयास."

आपण सगळ्या टीममध्ये शेवटून दुसरे आलो. सोपानदादा म्हणतात, मागं कुणीतरी हाय म्हंजे लई झालं.

संध्याकाळी सायकल पोचवायला चाचीकडे गेले आणि सगळं सांगितलं. महिन्याभरात मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं, दाराआडून. म्हणाली, "पुण्यास्नं मागवून घेतल्या व्हत्या दोन म्हैने आदी. मला म्हनले, सुजाताला बोलू नगंस, ती मोजत बसंल."

दोन महिने आधी. म्हणजे मी शब्द मागितला तेव्हा ट्यूब दुकानात होत्या. कुठे? तुमच्या स्टुलाखाली? मी ज्यावर पाय ठेवून चहा पीत होते त्या डब्यात? आणि तुम्ही चाक थांबवून, रस्त्याकडे बघून, तसला चेहरा करून, "दिला शब्द" म्हणालात. तो चेहरा मला महिनाभर झोपू देत नव्हता, चाचा. मी समजत होते तुमचं मन मोडलं. तुम्ही हसू दाबत होतात.

तर ही माझी तक्रार. तुम्ही खोटं बोललात, तोंडावर, चहा पिता पिता. जो शब्द तुम्हाला परत करायचा म्हणून मी झुरत होते, तो तुम्ही मला कधी दिलाच नव्हता. मी इतकी चिडलेय आणि इतकी सुखात आहे की कुठल्या रविवारी काय बोलायचं ते ठरत नाही. तुम्ही असतात तर मी लाल टॅग बांधला असता तुमच्या कानाला.

एक ट्यूब उरली. ती फडक्यात गुंडाळून, हिरव्या टॅगनं बांधून, पिशवीत होती तिथं परत ठेवली. टॅग ठेवताना पुन्हा एकदा वाचला. तपासले, असं लिहिलंय. आणि खाली सही माझीच आहे.